विहीणबाई आणि बेचाळीस गीझर

बाइंडरांना आपल्या विहीणबाई नीट ठाऊक होत्या, असं म्हणणं धाडसाचं होईल. नातं सतरा वर्षांचं. त्यातली पहिली अकरा वर्षं ‘या, बसा’ आणि ‘निघते आता’ यांच्या मधल्या दोन-चार वाक्यांत गेली. त्या लहानपणी कुठे राहायच्या, शाळा किती झाली, एकट्या असताना काय करायच्या, यातलं काहीच बाइंडरांना सांगता आलं नसतं. चहात साखर किती लागते हे तर शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्याच्या घरी जसा मिळेल तसा त्या पीत आणि ‘छान झालाय’ म्हणत. पुढची सहा वर्षं मात्र बाइंडरांनी त्यांच्या शेजारी, कोणाकोणाच्या घरच्या स्टुलावर बसून काढली. तेव्हा जे काही सांगायचं ते स्टुलावरून दिसलं तेवढंच.

बाइंडर म्हणजे पुस्तकं बांधणारे. एका छापखान्याच्या मागच्या खोलीत चाळीस वर्षं त्यांनी छापील कागदांचे फर्मे दुमडले, शिवले, पुठ्ठे चढवले. त्या खोलीत बोलावं लागत नसे आणि ते त्यांना मानवलं. निवृत्त झाल्यावर ते मुलगा-सुनेकडे चौथ्या मजल्यावर राहत होते. दुकानात रांगेत कोणी पुढे घुसलं तर हेच अर्धं पाऊल मागे सरकून त्याला नीट उभं राहायला जागा करून देत. घरात कोणी सल्ला विचारलाच तर ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ हे ठरलेलं उत्तर. नात म्हणायची, “आजोबांना विचारून उपयोग नाही, ते कशालाही हो म्हणतात.”

विहीणबाईंचा सगळा मामला उलटा. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं गॅसच्या शेगड्या आणि गीझर दुरुस्तीचं दुकान, वरच्या खोलीत राहणं. नवऱ्याचा कामाचा खाकी कोट बाह्या दुमडून अंगात चढवलेला. खिशांत दोन पान्हे, तीन स्क्रू ड्रायव्हर, एक झिजलेला टूथब्रश आणि बाटलीत साबणाचं पाणी. काम मुळात नवऱ्याचं. त्याची नजर अधू व्हायला लागली तेव्हा बाई बॅटरी धरायला बरोबर जाऊ लागल्या. “दहा वर्षं बॅटरी धरली मी,” त्या सांगत. “काम करणाऱ्याला त्याचा स्वतःचाच हात आडवा येतो. बॅटरी धरणाऱ्याला सगळं दिसतं.” नवरा गेला, दुकान काही दिवस बंद राहिलं, आणि एके सकाळी बाईंनीच ते उघडलं.

बाइंडरांच्या इमारतीत बेचाळीस घरं आणि बेचाळीस गीझर. सगळे एकाच धाटणीचे. स्वयंपाकघरामागच्या चिंचोळ्या गॅलरीत भिंतीवर टांगलेले. टाकी-बिकी काही नाही. तोटी उघडली की आत ठिणगी पडते, बर्नर पेटतो, पाणी तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून गरम होऊन बाहेर येतं. तोटी बंद, की सगळं बंद. वर्षातून एकदा हे सगळे गीझर उघडून, साफ करून, तपासून द्यायचे, हे काम इमारतीच्या समितीने फार वर्षांपूर्वी विहीणबाईंना दिलं होतं.

त्यांची एक रीत होती. गीझरला हात लावायच्या आधी त्या घरातल्या माणसाला म्हणत, “काय बिघडलंय ते मला सांगू नका. अंघोळ कशी होते ते सांगा.”

लोक आधी गोंधळत, मग खुलत. कोणी म्हणे, आधी कढत, मग गार, मग पुन्हा कढत. त्यावर बाई पाण्याच्या नळीच्या तोंडाशी बसवलेली बारीक जाळी काढून दाखवत. ती वाळूने बुजलेली असे. कोणी म्हणे, चांगलं येतं, पण पूर्वीसारखी धार नाही. म्हणजे वेटोळ्यात क्षार धरलेत. मग एक बादली, छोटा पंप आणि दोन नळ्या लावून लिंबूसत्त्वाचं पाणी पाऊण तास आतून फिरवायचं. बादलीतलं पाणी गढूळ होत जाई आणि बाई घरच्यांना ते बघायला लावत. “हे सगळं तुमच्या अंगावर यायचं राहिलं बघा.” ज्योत पिवळी पडली असेल तर घराची सगळी दारं-खिडक्या उघडून गॅस आधी बंद. निळीच ज्योत खरी. बर्नरच्या छिद्रांत कोळ्याचं जाळं सापडे. ‘कोळ्याला गॅसचा वास आवडतो म्हणे,’ असं सांगून त्या टूथब्रशने ते अलगद काढत.

एकदा एका वयस्क गृहस्थाने तक्रार केली, की अंगाला साबण लावला रे लावला, की गीझर विझतो. रोज, न चुकता. बाईंनी विचारलं, “त्या वेळी स्वयंपाकघरात कोण असतं?” सूनबाई भांडी घासत असते, असं कळलं. बाईंनी स्वयंपाकघराचा नळ सोडायला लावला. न्हाणीघरातली धार करंगळीएवढी झाली आणि गीझर विझला. पाण्याचा जोर कमी पडला की आतला रबरी पडदा उचलला जात नाही आणि गॅसची वाट बंद होते. बाईंनी कोट झटकला. “गीझर ठणठणीत आहे. सासरे-सुनेचं काय ते तुम्ही घरात मिटवा.”

अशा या बाईंचं गुपित बाइंडरांच्या हाती लागलं ते खळीमुळे.

नातीच्या नकाशांच्या पुस्तकाचा कणा सुटला होता. बाइंडरांनी तो चिकटवायला मंद आचेवर पिठाची खळ शिजत ठेवली आणि कापड शोधायला बाहेरच्या खोलीत गेले. विहीणबाई लेकीची वाट बघत स्वयंपाकघरात, शेगडीपासून हातभर अंतरावर बसल्या होत्या. एका नव्या गीझरचं माहितीपत्रक वाचत होत्या. थोड्या वेळाने बाइंडरांच्या नाकाला करपल्याचा वास आला. चाळीस वर्षं खळ आणि सरस यांच्या वाफेत काढलेली. खळ उतरायला किती वेळ आहे हे ते वासावरून सांगत. धावत येऊन त्यांनी शेगडी बंद केली. बाई तशाच वाचत होत्या. मग त्यांनी वर बघितलं. भांड्याकडे, मग व्याह्यांकडे.

“किती वेळ करपत होतं?”

“नाही, आत्ताच.”

“व्याही, खरं सांगा.”

“बाहेरच्या खोलीत वास आला,” बाइंडर म्हणाले, आणि जणू खळ त्यांनीच बाईंच्या डोक्यावर ओतली असावी तसे कानकोंडे होऊन उभे राहिले.

बाईंनी माहितीपत्रकाची घडी घातली. “थंडीत ताप आला होता ना, तेव्हा गेला वास. ताप गेला, पण वास काही परत आला नाही. डॉक्टर म्हणतात येईल. आठ महिने झाले.”

बाइंडरांनी करपलेलं भांडं उचलून नळाखाली धरलं.

“पूर्वी कोणाचं दार उघडलं की उंबऱ्यातच कळायचं, गळतंय की नाही. आता नाक भिंतीसारखं झालंय. इमारतीचे नवे सेक्रेटरी आधीच कुठल्या कंपनीला काम द्यायचं म्हणतायत. त्यांना हे कळलं तर संपलंच. बेचाळीस गीझर गेले की बाकीचेही जाणार. लोक विचारतील, त्या इमारतीने बाईंना का काढलं?” त्यांनी पत्रकाची घडी पुन्हा उलगडली. “मी एवढं एकच काम नीट करते, व्याही. ते गेलं तर मी काय करायचं? खिडकीत बसून येणारी-जाणारी माणसं मोजायची?”

“मी कोणाला बोलणार नाही.”

“ते ठाऊक आहे. तुम्ही बोललात तर तीच बातमी होईल.” त्या किंचित हसल्या. “पोरीलाही सांगू नका. आणि आणखी एक. पुढच्या आठवड्यात इथली कामं सुरू होतायत. मला तुमचं नाक हवंय.”

आजवर बाइंडरांकडे लोकांनी पुस्तकं मागितली होती, डिंक मागितला होता, एकदा तर एकाने बसायची खुर्ची मागितली होती आणि परत आणून दिली नव्हती. पण हे असलं काही कोणी मागितलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. रात्रभर आपल्याला काय काय चुकू शकेल याची त्यांनी मनात उजळणी केली, आणि पुढच्या आठवड्यात ठरल्या दिवशी सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून ते जिन्यात उभे होते.

काम असं चाले. गॅलरीत स्टूल ठेवलं जाई. बाई गीझरचं झाकण उतरवत, आणि बाइंडर सिलिंडरपासून गीझरपर्यंत प्रत्येक जोडाशी नाक नेऊन बसत. नासक्या कोबीसारखा वास आला तर सांगायचं. नाही आला तरी सांगायचं. त्यावर बाई साबणाचं पाणी ब्रशने जोडावर लावून फेस फुगतो का ते बघत. ते त्या नवऱ्याच्या वेळेपासून करत आल्या होत्या. जळती काडी धरून बघणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. “असल्या माणसाला शेगडीसुद्धा देऊ नये,” त्या म्हणत.

व्याही बरोबर कशाला, असं कोणी विचारलं की बाई सांगत, “यांना शिकायचंय.” बाइंडर कानाच्या पाळीपर्यंत लाल होत. दुसऱ्या दिवशी जिन्यात एका आजींनी टोला हाणलाच, “पोरांचं लग्न होऊन अकरा वर्षं झाली. आता व्याही-विहीण काय बोलणी करत हिंडतायत?”

“राहिलेलं देणं-घेणं,” बाई म्हणाल्या. “यांच्याकडून एक स्टूल यायचंय.”

आठवडाभरात बाइंडरांना जोड, चावी, रबरी पडदा, जाळी सगळं नावानिशी ओळखू येऊ लागलं. ठिणगीचा आवाज बारीक आला की ‘सेल उतरलेत’ असं ते स्वतःशी पुटपुटत. तिसऱ्या दिवशी एका घरी त्यांच्या नाकाने गॅसच्या नळीतली चीर पकडली, तेव्हा बाई फक्त “हं” म्हणाल्या. त्या ‘हं’वर बाइंडर दोन दिवस तरंगत होते.

आणि मग त्यांना सर्दी झाली.

खरं तर सकाळी उठून ‘आज मला जमणार नाही’ एवढंच सांगायचं होतं. पण बाइंडरांनी विचार केला, आपण नाही गेलो तर बाई एकट्या पडतील, कोणाच्या तरी लक्षात येईल, आणि ते आपल्यामुळे. शिवाय इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला आपली गरज पडली होती. ती परत करायला त्यांचं मन होईना. त्यांनी दोन रुमाल खिशात घातले आणि गेले. पहिल्या दिवशी पाच घरं झाली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंचं घर होतं. त्यांना ड्युटीवर जायचं होतं, पर्स खांद्याला अडकवूनच त्या उभ्या होत्या.

बाइंडरांनी जोडाला नाक लावलं. “नाही,” ते म्हणाले.

खोटं नव्हतं ते. त्यांना वास आलाच नव्हता.

“झालं ना मग? निघू मी?” नर्सबाईंनी विचारलं.

“दोन मिनिटं,” बाई म्हणाल्या आणि ब्रश बाटलीत बुडवला. पहिला जोड कोरडा. दुसरा कोरडा. तिसऱ्यावर, गीझरच्या खालच्या नटाशी, एक फुगा आला. वाटाण्याएवढा झाला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा आला.

बाईंनी त्याच क्षणी सिलिंडर बंद केला. “खिडक्या उघडा. दिव्याच्या बटणाला हात लावू नका. इथे गळतंय.” मग वायसर बदलला, नट कसला, साबण पुन्हा लावला. फुगा आला नाही. नर्सबाई म्हणाल्या, “मला तर कधी वास आला नाही,” आणि घाईत निघून गेल्या. बाइंडर भिंतीला लागून उभे होते, हातात रुमाल.

जिन्यात बाई पायरीवर बसल्या.

“सर्दी आहे?”

“थोडी.”

“कधीपासून?”

“काल सकाळपासून.”

“कालची पाच घरं,” बाई म्हणाल्या आणि उठल्या. त्या पाचही घरी त्या परत गेल्या, साबण पहिल्यांदा लावलाच नव्हता असं समजून पुन्हा लावला. कुठेच काही निघालं नाही. बाइंडर मागे मागे जिने चढत-उतरत होते. शेवटच्या घरातून बाहेर पडल्यावर त्यांनी धीर करून म्हटलं, “चूक माझी झाली. मी सांगायला हवं होतं.”

“हो. सांगायला हवं होतं.” बाईंनी आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं. “पण तुम्ही लपवलं ते कोणाकडून शिकलात? मीच तर आठ महिने लपवतेय. त्यात तुम्हाला भागीदार करून घेतलं. आज साबण लावायचा आळस केला असता तर?” त्यांनी कोटाची बटणं लावली. “रविवारी समितीची सभा आहे ना? मी सांगून टाकते.”

“काम जाईल.”

“जाईल कदाचित.”

“कोणाला कळलेलं नाही अजून,” बाइंडर अगदी हळू म्हणाले.

“मला कळलंय ना.”

सभा तळमजल्यावर, गाड्या लावतात तिथे, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. सेक्रेटरी म्हणजे चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून कागद वाचणारे गृहस्थ. वाईट नव्हते, पण नवं काही केल्याशिवाय पद सार्थकी लागत नाही असं त्यांना वाटे. त्यांनी कंपनीचा प्रस्ताव वाचायला सुरुवात केली तेव्हा विहीणबाई उठल्या.

“त्याआधी माझं ऐका. गेल्या थंडीपासून मला वास येत नाही. कसलाच.”

बाइंडरांच्या सूनबाई दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी आईकडे असं बघितलं, की बाइंडरांनी नजर वळवली.

“मग इतके दिवस तुम्ही आमचा गॅस कसा तपासलात?” सेक्रेटरींनी विचारलं.

“साबणाने. आधीही साबणच लावत होते. आता नाकाच्या जागी हे लावायचं म्हणते.” त्यांनी पिशवीतून काचेची एक वाकडी नळी काढली, दोन्ही टोकं वर आणि पोटात पाणी. “हे गॅसच्या वाटेला जोडायचं. गॅस सोडला की एका बाजूचं पाणी खाली जातं, दुसऱ्या बाजूचं चढतं, दोन्हींत फूटभर अंतर पडतं. मग गॅस बंद करायचा आणि दहा मिनिटं बघत बसायचं. अंतर कमी झालं तर कुठेतरी गळतंय. माझ्या नवऱ्याची नळी आहे. वेळ लागतो म्हणून आम्ही ती फक्त नव्या जोडणीला वापरायचो. आता प्रत्येक घरी वापरीन. पटलं तर काम द्या. नाहीतर कंपनीला द्या, पण त्यांनाही ही नळी लावायला सांगा.”

“पण बाई,” सेक्रेटरी चष्मा काढत म्हणाले, “ज्यांना वासच येत नाही त्यांच्या हाती बेचाळीस घरं—”

तेव्हा बाइंडर उभे राहिले.

आजवर ते एकाही सभेत उभे राहिले नव्हते. उभे राहिल्यावर आपण का उभे राहिलो हे विसरल्यासारखे ते क्षणभर थांबले. खुर्ची मागे पडली ती शेजाऱ्याने उचलली.

“मला वास येतो,” ते म्हणाले. “म्हणजे माझं नाक चांगलं आहे. गेला आठवडाभर वास मी घेत होतो, यांच्याऐवजी. शिकायला वगैरे नव्हतो गेलो. परवा मला सर्दी होती. मी कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या मजल्यावर मी म्हणालो, वास नाही. आणि तिथे गळत होतं. ते यांनी पकडलं, साबणाने. मी… एवढंच. नाक असलेल्याने चूक केली आणि नसलेल्याने पकडली. चूक माझी आहे, ती यांच्या नावावर नको.”

ते बसले.

“ते माझं घर,” मागून नर्सबाई म्हणाल्या. “मी तिथेच उभी होते. माझं नाक पण होतं की तिथे. रोज तिथेच राहून मला सवय झाली असणार.” त्या पुढे आल्या. “आमच्याकडे कपाळाला हात लावून ताप सांगत नाही कोणी. थर्मामीटर लावतात. मला ती नळी पटते.”

सेक्रेटरींनी कागद उलटसुलट केला. “म्हणजे आता वास न येणाऱ्या बाई आणि सर्दी झालेले आजोबा आमचा गॅस बघणार.”

“आणि साबण,” विहीणबाई म्हणाल्या. “साबणाला विसरू नका.”

लोक हसले. सेक्रेटरीही हसले, आणि हसल्यावर माणसाला ताठ राहणं जड जातं. एका वर्षापुरतं, नळीची तपासणी प्रत्येक घरच्या माणसासमोर व्हावी या अटीवर, असं त्यांनी मांडलं. पहिली तपासणी त्यांच्याच घरी. हात वर झाले. बाइंडरांनी मोजले नाहीत. त्यांना फक्त एवढं दिसलं, की वर झालेल्या हातांपलीकडे बघायला मान उंच करावी लागत होती.

घरी आल्यावर सूनबाईंनी आईला स्वयंपाकघरात गाठलं. “मला नाही सांगितलंस.”

“तुला सांगितलं असतं तर तू मला घरी बसवलं असतंस.”

“बसवलंच असतं.”

“मग?”

सूनबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या, आणि थोड्या वेळाने बाहेरच्या खोलीत येऊन बाइंडरांसमोर पाण्याचा पेला ठेवला. “बाबा, तुम्ही सभेत बोललात,” त्या म्हणाल्या. एखाद्याला डोंगर चढून आलात असं म्हणावं तशा सुरात. बाइंडर म्हणाले, “खुर्ची पडली,” आणि पाणी प्यायले.

एक वर्षाची अट पुढच्या वर्षी कोणाला आठवली नाही. सभेच्या वर्षी आणि त्यापुढची पाच वर्षं दोघांनी मिळून ते काम केलं. बाई झाकण उतरवत, टूथब्रशने बर्नर झाडत, जाळ्या धूत, सेल बदलत, वेटोळ्यातून बादली फिरवत. शेवटी नळी जोडली की बाइंडर स्टुलावर बसून पाण्याची पातळी बघत. दहा मिनिटं, घड्याळ हातात धरून. हे काम त्यांच्यासाठीच जन्माला आलं असावं. गप्प बसायचं, नजर हलवायची नाही, आणि मिनिटभर आधी ‘झालं’ म्हणायचं नाही. घरातली माणसं भोवती उभी राहत, आपोआप हळू बोलू लागत. बाई त्या दहा मिनिटांत कोणाच्या गीझरची थट्टा करत, कोणाला रागावत. “ही गॅलरीची खिडकी पुठ्ठ्याने कोणी बंद केली? थंडी वाजते? मग कानटोपी घाला. ही खिडकी गीझरची आहे, तुमची नाही.”

वास त्यांना परत आला नाही. एकदा बाइंडरांनी विचारलं, आठवण येते का. बाई म्हणाल्या, “नव्या पुस्तकाला वास असतो ना? तेवढा सांगा कसा असतो.” बाइंडरांनी बराच विचार केला, पण त्यांना सांगता आलं नाही. ते त्यांना अजून खुपतं.

या सहा वर्षांत इमारतीत कोणाला कसली इजा झाली नाही. कोणाचा गीझर उगाच फेकून दिला गेला नाही. सगळे बेचाळीस अजून तेच आहेत, आणि कुठल्याही घरात ज्योत निळी दिसेल. जिन्यात भेटणारी माणसं बाइंडरांना ‘नळीवाले आजोबा’ म्हणू लागली होती. नातीने एकदा वर्गात सांगितलं, की आमचे आजी-आजोबा गॅस तपासतात. बाईंनी ते ऐकून कोटाची कॉलर सरळ केली. बाइंडरांनी काही केलं नाही, पण त्या दिवशी जेवताना त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

त्या गेल्या त्या एका सकाळी, दुकान उघडायला खाली उतरण्याआधी, कोणाला कसला त्रास न देता. त्याबद्दल बाइंडरांना काही बोलता येत नाही. आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला फोन आला होता, तेवढं त्यांना शब्दान्‌शब्द आठवतं.

“व्याही, उद्या नऊला. पाचव्या मजल्यापासून धरू.”

“तिसरा राहिलाय ना?”

“तिसऱ्यावर पाण्याला जोर नाही. प्लंबर येऊन गेला की करू.”

“बरं. काही आणायचंय?”

“काही नको. वेळेवर या.”

“येतो.”